वेड्या गुळाचा भाग

पावसाळ्यात माडाची नीरा पातळ होते आणि माणसांची डोकी जड. कालिगोंदला पाऊस ऐन जानेवारीत असतो, आणि तिथल्या दार्सेमचं डोकं त्या जानेवारीत फारच जड झालं होतं, कारण लागोपाठ तीन दिवस तिचा गूळ वेडा निघाला होता.

गूळ वेडा होतो म्हणजे थिजत नाही. चार तास लाकडं जाळा, धुराने डोळे लाल करून घ्या, उलथन्याने खांदा निखळेपर्यंत ढवळा, आणि शेवटी करवंट्यांत ओतलेला पाक संध्याकाळपर्यंत तसाच लिबलिबत बसतो. बोट लावलं तर बोटाबरोबर येतो. असा गूळ बाजारात कोणी हातात घेत नाही आणि सोसायटीत तर दाखवायचीही सोय नसते. दार्सेमने तो बकरीपुढे ठेवला. बकरीने दोन दिवस खाल्ला, तिसऱ्या दिवशी तिनेही तोंड फिरवलं.

नीरा आंबते म्हणून गूळ वेडा होतो, हे तिला माहीत होतं. नीरा आंबू नये म्हणून बांबूच्या नळ्यांत चुना आणि फणसाच्या लाकडाचा भुसा घालायचा, हे काम घरातल्या बाईचं. नवऱ्याने ते नळे घेऊन माडावर चढायचं, पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक कोयत्याने पातळ कापायचं, भरलेला नळा सोडवायचा आणि रिकामा बांधायचा. सकाळी चोवीस माड, संध्याकाळी पुन्हा तेच चोवीस. तेव्हा नीरा आंबली तर दोष कोणाचा, हा प्रश्न कालिगोंदमध्ये कोणी विचारतही नसे. दोष चुन्याचा, म्हणजे बाईचा.

दार्सेमने चुना बदलला. फणसाचा जुना भुसा फेकून नवा आणला. नळे एकदा उकळत्या पाण्यातून काढायचे ते दोनदा काढले, त्यात तिच्या बोटांची सालं गेली. मिसकुन, तिचा नवरा, हे सगळं ओट्यावर बसून बघत होता. त्याचा स्वभाव मुळातच कमी बोलण्याचा. सोळा वर्षांच्या संसारात त्याने तिच्या गुळाला चांगला म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. तो चहा प्यायला आणि कोयत्याला धार लावायला परसात गेला.

चौथ्या दिवशी तिने शेजारच्या घरातून पांढरी पूड आणली. ती कोणाकडे मिळते हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि कोणालाही ठाऊक नव्हतं. चिमूटभर पूड चुन्याबरोबर नळ्यात घातली की नीरा दिवसभर आंबत नाही. दुसऱ्या दिवशी कढईतला पाक असा पिवळाधमक उतरला की दार्सेमला आधी आनंद झाला आणि मग सोसायटी आठवली. सोसायटीने त्या पुडीवर बंदी घातली होती. ज्या घरांचा गूळ बिनपुडीचा त्यांचीच नावं सोसायटीच्या यादीत, आणि यादीतल्या गुळाला बाजारापेक्षा बराच चांगला भाव. त्याच भावाच्या जोरावर विनार्ती, त्यांची एकुलती एक मुलगी, जुलैत सहावी संपवून तालुक्याच्या शाळेत जाणार होती. दार्सेमने दोन दिवस पूड घातली, दोन दिवसांचा गूळ सोसायटीच्या पोत्यात गेला, आणि तिसऱ्या दिवशी तिने उरलेली पूड चुलीत टाकली. मग पाऊस उघडला आणि गूळ आपोआप शहाणा झाला. कसा झाला ते तिला कळलं नाही. मनात मात्र ते दोन दिवस मुंगळ्यासारखे डसून राहिले.

अशात विनार्तीने घरी येऊन सांगितलं की गुरुवारी अख्खी सहावी त्यांच्या चुलीपाशी येणार आहे.

सहावीत अकरा मुलं होती आणि त्यांना शिकवायला बू एन्दाह, म्हणजे एन्दाह बाई. बाईंनी यंदा मुलांना पॉडकास्टचा नाद लावला होता. पाठ्यपुस्तकात मुलाखत घेण्याचा धडा होता. बाई म्हणाल्या, वहीत कसली मुलाखत घेता, खरी घ्या. मुलांनी अंड्यांचे कागदी ट्रे गोळा करून वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवले, म्हणजे आवाज घुमत नाही. ट्रेंच्या वासाने झुरळं आली, तीही पहिल्या भागात ऐकू येतात असं मुलं अभिमानाने सांगत. शाळेवर पत्रा होता. पाऊस लागला की रेकॉर्डिंग बंद, आणि पाऊस थांबला की कोंबडे सुरू. मग मुलं गोधडी डोक्यावर घेऊन तिघं तिघं आत शिरत आणि घामाघूम होऊन बाहेर येत. पहिला भाग झाला नदीतल्या वाळूवर, दुसरा शाळेच्या शिपायाच्या दाढदुखीवर. शिपायाचा भाग गावात इतका गाजला की लोक त्याला रस्त्यात थांबवून दाढेची चौकशी करू लागले.

तिसरा भाग गुळावर करायचा असं मुलांनी हात वर करून ठरवलं होतं, आणि विनार्तीने आपल्या आईचं नाव सुचवलं होतं.

"माझंच का?" दार्सेमने विचारलं.

"कारण तू काम करताना बोलतेस, माक," विनार्ती म्हणाली. "बाकीच्यांच्या आया नुसत्या लाजतात."

नाही म्हणायला दार्सेमकडे कारण नव्हतं. जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकरा मुलं आणि बाई चिखल तुडवत आल्या. चपलांचा ढीग दाराशी पडला. गालिह नावाचा एक उंचेला मुलगा प्रश्नांचा कागद घेऊन आला होता. तिकाच्या हातात मायक्रोफोन होता आणि त्यावर तिच्या भावाचा पायमोजा चढवलेला, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. मोजा धुतलेला आहे असं तिने दोनदा सांगितलं. विनार्तीच्या कानांवर मोठे हेडफोन होते आणि स्वतःच्याच घरात ती तपासनिसासारखी वावरत होती. आधी तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली ठेवलं. मग कोंबड्या हाकलल्या. मग बापाला म्हणाली, "बापाक, तुम्ही जरा श्वास हळू घ्या." मिसकुन उठून सरळ माडांकडे निघून गेला.

मुलांनी आधी आवाज गोळा केले. लाकूड तडतडण्याचा, नीरा गाळण्याचा, फेस वर येतो आणि त्यात खोबऱ्याचा कीस टाकला की सुस्कारा सोडून खाली बसतो त्याचा. हा सुस्कारा विनार्तीला फार आवडला. तिने तो चार वेळा करायला लावला आणि दार्सेमचं अर्धं खोबरं त्यात गेलं. पुढे पाक उतरला. गार पाण्यात थेंब टाकला तर त्याची गोळी झाली. कढई खाली घेतली, घोटला आणि दार्सेमने पहिली करवंटी भरली.

"पुन्हा," विनार्ती म्हणाली. "मागून बकरी ओरडली."

दार्सेमने दुसरी भरली. तिसरीच्या वेळी गालिहला शिंक आली. चौथीच्या वेळी बाई म्हणाल्या की आवाज छान आला पण मायक्रोफोन लांब होता. दार्सेम पळी हातात धरून परवानगीची वाट बघत राहिली, आणि पाक कोणाच्या परवानगीची वाट बघत नाही. पाचव्यांदा पळी घातली तर ती पाकात रुतून उभी राहिली. कढईभर गूळ कढईतच थिजला होता. मुलांनी कढईत डोकावून पाहिलं. बाईंचा चेहरा पडला. दार्सेमने कढईकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. हा गूळ वेडा नव्हता, उलट जास्तच शहाणा निघाला होता. तिने पाणी शिंपडून कढई परत चुलीवर चढवली आणि उलथन्याने खरवडू लागली. मुलं सुटल्यासारखी हसली आणि खरवडीचे तुकडे खात बसली.

त्या हसण्यातच घात झाला. हात कामात गुंतले आणि मन मोकळं झालं की दार्सेमच्या तोंडून खरं तेच बाहेर पडायचं, ही तिची जुनी खोड. गालिहने कागदावरचा सातवा प्रश्न वाचला, की नीरा आंबली तर तुम्ही काय करता. ती खरवडता खरवडता म्हणाली, "करायचं काय, वेडा गूळ होतो. बकरीला घालायचा. मागे तीन दिवस झाला तसा. मग दोन दिवस मी नळ्यात पांढरी पूड घातली आणि..."

उलथनं थांबलं. लाकडं तेवढी तडतडत होती. तिकाने मोजा घातलेला मायक्रोफोन तसाच पुढे धरला होता. विनार्ती हेडफोनमधून आईकडे बघत होती.

"आणि मग बंद केली," दार्सेम म्हणाली, आणि पुन्हा खरवडू लागली.

पुढचे प्रश्न कसे विचारले गेले आणि तिने काय उत्तरं दिली, ते तिला आठवलं नाही. निघताना बाई मागे रेंगाळल्या. त्यांनी पुडीचं नाव काढलं नाही. एवढंच सांगितलं, की आमच्या वर्गाचा एक नियम आहे. ज्याचा आवाज असतो तो आधी ऐकतो, आणि तो म्हणेल ते आम्ही कापतो. शिपायाने सुद्धा दोन शिव्या कापून घेतल्या होत्या. तुम्ही सोमवारी शाळेत या. शनिवारी सभामंडपात सगळ्या गावाला ऐकवायचं आहे, त्याच्या आधी.

सभामंडपात सगळं गाव म्हणजे बापाक सुवार्जो आलेच; गावातल्या वडीलधाऱ्यांनाही बापाकच म्हणत. सुवार्जो सोसायटीचे तपासनीस. गावातलेच, साधे, कानाने थोडे कमी, पण नियमाला पक्के. सख्ख्या मेव्हण्याचं नाव त्यांनी यादीतून काढलं होतं आणि त्याच रविवारी त्याच्या घरी जेवायलाही गेले होते.

त्या संध्याकाळी मिसकुन माडांवरून उतरला तेव्हा दार्सेमने त्याला सगळं सांगितलं. पूड कधी आणली, किती घातली, मशीनपुढे कशी बोलून गेली. सांगताना तिने मान वर केली नाही. "तुम्ही दिवसातून दोनदा जीव टांगून नीरा आणता, कांग," ती म्हणाली; नवऱ्याला ती कांगच म्हणायची; "आणि मी ती नासवली. आधी चुन्याने, मग पुडीने."

मिसकुनने पायावरचा चिखल करवंटीने खरवडला. बराच वेळ खरवडला. मग म्हणाला, "चुना चांगला होता," आणि विहिरीवर अंघोळीला गेला.

याचा अर्थ काय लावायचा ते दार्सेमला कळेना. पुढचे तीन दिवस तो मुकाच होता. चिडलाय, असं ती धरून चालली. चिडायचा त्याला हक्क होता असंही तिला वाटत होतं, आणि तरी दर वेळी तो ताटावरून न बोलता उठला की तिला रडू येई. कालिगोंदच्या बायका नवऱ्यांशी फार वाद घालत नसत. पहाटे खोडाच्या खाचांत अंगठा रोवत वर जाणारा माणूस संध्याकाळी घरी येईलच असं नसतं. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी खाली पडे. पुरुषांचा तर नियमच होता, की माडावर पाय सटकला तर घरात त्याचा उच्चार करायचा नाही. बोललं की माड पुन्हा बोलावतो म्हणत. बायका विचारत नसत आणि पुरुष सांगत नसत, असा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता.

सोमवारी दार्सेम स्वच्छ ब्लाउज घालून आणि बाजारात न्यायची बरी ओढणी घेऊन शाळेत गेली. वर्गात तिला सहावीच्या बाकावर बसवलं. गुडघे बाकाला अडले, म्हणून ती आडवी बसली. पुढे बाईंचा लॅपटॉप होता आणि त्याभोवती अकरा डोकी.

आवाज सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा ती घाबरली. हा घोगरा आवाज आपला, यावर तिचा विश्वास बसेना. मुलं म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं, गालिह तर आपला आवाज ऐकून रडला होता. गालिह म्हणाला, रडलो नव्हतो, सर्दी झाली होती. पुढे फेसाचा सुस्कारा आला आणि दार्सेम स्वतःशीच हसली. पाक रुतल्याचा, पळी ओढल्याचा, सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला. आपलं रोजचं काम असं कानांनी ऐकताना तिला वाटलं, हे काहीतरी चांगलं आहे. इतकी वर्षं आपण हे करतो आणि हे चांगलं आहे, हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर आवाजाचा आलेख सरकत होता, झुडपांच्या कुंपणासारखा. मध्येच कुंपण संपलं आणि एक सपाट रेघ लागली.

"हे काय?" दार्सेमने विचारलं.

"तू गप्प बसलीस ते, माक," विनार्ती म्हणाली.

दार्सेमने त्या रेघेकडे पाहिलं. खूपच लांब होती. त्या वेळी तिला ती एका श्वासाएवढी वाटली होती.

विनार्तीने बोट कळीवर ठेवलं. "इथून इथपर्यंत निघेल. कळणारही नाही."

"कळेल," गालिह म्हणाला. "पुढचं वाक्य 'बंद केली' आहे. काय बंद केली ते कळायला नको?"

"तू गप्प बैस. तुझी आई आहे का?" विनार्ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

दार्सेम पडद्यावरच्या रेघेकडेच बघत होती. सोसायटीच्या कोठारात तिच्या नावाचं पोतं होतं. पुढच्या मंगळवारी ट्रक येणार, सगळी पोती एकत्र ओतली जाणार, आणि पुढे कुठेतरी कोणी ती तपासणार. पूड सापडली तर एकट्या दार्सेमची सापडणार नव्हती, सगळ्या कालिगोंदची सापडणार होती. शेहेचाळीस घरं होती यादीत. हे ती गेले कितीतरी दिवस जाणून होती. रोज सुवार्जोंच्या घरापर्यंत जाऊन बोलायचं ठरवायची आणि रोज त्यांच्या कुंपणापासून परत फिरायची. एकदा तर तिथे जाऊन त्यांच्या बायकोकडून लिंबं घेऊन आली होती.

"राहू दे," ती म्हणाली.

"माक, यादीतून नाव जाईल."

"जाऊ दे. तोंडाने जाऊन सांगणं मला जमत नाही. मी सहा वेळा करून पाहिलं." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "ही बाई सांगतेय ना, तिला सांगू दे."

विनार्तीने कळीवरचं बोट काढलं. तिने हेडफोन गळ्यात ओढले आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. मुलांनी शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं. मग तिका म्हणाली की खरवड उरली असेल तर भागाच्या शेवटी खाण्याचा आवाज हवा आहे.

बुधवारी आणि गुरुवारी विनार्ती शाळेतून उशिरा आली. भागाची जुळणी चालली आहे म्हणाली. दार्सेमने फार चौकशी केली नाही. गुरुवारी मिसकुनही सकाळची नीरा उतरवून कुठेतरी गेला आणि दुपारी आला. तेही तिने विचारलं नाही. शनिवारी काय होईल याचाच ती घोर लावून बसली होती. कोठारातून पोतं परत आणावं लागेल, सुवार्जो सगळ्यांदेखत यादी काढतील, बायका कुजबुजतील. विनार्तीची शाळा मात्र कशीही करून सुटता कामा नये. आणखी दोन बकऱ्या पाळाव्यात, असंही तिने मनाशी योजलं.

शनिवारी दुपारी सभामंडप भरला. लग्नात भाड्याने देतात तो मोठा स्पीकर आणला होता. कोणीतरी मेंडोआन, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची भजी, तळून आणले होते आणि त्या गरम पिठाच्या वासाने लोक आधीच खुशीत होते. बायका पुढे चटयांवर, पुरुष मागे खांबांना टेकून. मिसकुन सगळ्यात मागे, मोटारसायकलींच्या जवळ. सुवार्जो कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरला खेटून खुर्चीवर.

भाग सुरू झाला. सुस्काऱ्याला लोक हसले, रुतलेल्या पळीला तर फारच हसले. गालिहच्या शिंकेला टाळ्या पडल्या. दार्सेमने मांडीवर हात घट्ट धरले. सातवा प्रश्न आला. तिच्या आवाजाने पुडीचं नाव घेतलं आणि मंडपात मेंडोआन खाणारी तोंडंही थांबली. मग ती सपाट रेघ, जी तिला आता डोळ्यांपुढे दिसत होती. मग "आणि मग बंद केली."

यानंतर करवंट्या मोजण्याचा प्रश्न होता, तिने सोमवारी ऐकलेला. तो आलाच नाही. त्याऐवजी कोणीतरी खाकरलं.

"मी मिसकुन," स्पीकर म्हणाला. "दार्सेमचा नवरा. हे चालू आहे ना? बरं."

दार्सेमने झटकन मागे पाहिलं. मिसकुन जमिनीकडे बघत होता.

"नीरा आंबली ती चुन्याने नाही. चुना चांगला होता. माझ्या बायकोसारखे नळे या गावात कोणी धूत नाही. त्या आठवड्यात ओढ्याकाठच्या वाकड्या माडावर माझा पाय सटकला. दोन्ही पाय. झावळीचा देठ हातात आला म्हणून लटकलो. किती वेळ ते माहीत नाही. खाली आलो आणि ओढ्यात बसून राहिलो."

मागच्या पुरुषांत एक हालचाल झाली.

"त्यानंतर ते ओढ्याकाठचे सहा माड मी संध्याकाळी चढलो नाही. अंधारून आलं की पाय उचलायचेच नाहीत. सकाळची नीरा दुसऱ्या सकाळपर्यंत वरच राहायची आणि आंबायची, आणि मी ती चांगल्या नीरेत ओतायचो. संध्याकाळी बांधायला नेलेले सहा कोरे नळे ओढ्यात भिजवून तसेच घरी न्यायचो, म्हणजे मोजदाद बरोबर यावी. ती ते पुन्हा धुवायची. तिची बोटं सोलली. मी ओट्यावर बसून बघत होतो. पाऊस थांबला, खोड सुकलं, तसा परत चढलो. पूड तिने घातली. पण ती घालायची वेळ मी आणली."

मग विनार्तीचा आवाज आला, हळू, प्रश्नांच्या कागदाबाहेरचा.

"बापाक, तुम्हाला अजून भीती वाटते?"

"वाटते," मिसकुन म्हणाला. "माडावरून आपल्या घराचा धूर दिसतो. तो दिसला की जास्त वाटते."

पुढे खरवड चावण्याचा आवाज आला, मुलं हसली, आणि भाग संपला. मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. दार्सेमला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. आठ दिवस हा माणूस रागावला आहे असं समजून ती झुरत होती, आणि तो लाजत होता.

मागे एका खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या सान्मीने घसा साफ केला. पन्नास वर्षं माड चढलेला माणूस. "माझा तीनदा सटकला," तो म्हणाला. "बायको गेली, तिला सांगितलं नाही." एवढं बोलून त्याने मेंडोआन मागितला.

सुवार्जो उठले. नियम सांगायला लागले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. पोतं आजच्या आज कोठारातून बाहेर काढायचं. मिसकुन-दार्सेमचं नाव यादीतून सहा महिने कमी. सहा महिन्यांनी तपासणी, स्वच्छ निघाली तर नाव परत. मग म्हणाले, पूड आणखी कोणाकोणाकडे आहे ते मला विचारायचं नाही, पण मंगळवारपर्यंत ज्यांना आपली पोती परत न्यायची असतील त्यांनी न्यावीत, कोठार उघडं राहील. पुढच्या रांगेतल्या चार-पाच बायकांनी एकदम आपल्या पोरांची नाकं पुसायला घेतली.

गर्दी फुटली तशी दार्सेम मोटारसायकलींकडे गेली. मिसकुन तिथेच उभा होता, आता पळायला जागा नाही अशा चेहऱ्याने.

"घरात सांगायचं सोडून गावाला सांगितलंत," ती म्हणाली.

"तूही तेच केलंस."

तिने ओढणीने तोंड पुसलं. "ते सहा माड पावसाळ्यात सोडायचे."

"मग नीरा कमी पडेल."

"पडू दे. अठरा माडांचा गूळ करीन. बाजारात विकीन. विनार्तीला मी शाळेत घालणार आहे, तुम्ही माडावर लटकलात तरी आणि नाही लटकलात तरी. पण लटकू नका."

दोघांनी मिळून कोठारातून पोतं काढलं, मिसकुनने ते खांद्यावर घेतलं आणि दार्सेमने मागून धरलं. विनार्ती हेडफोन गळ्यात अडकवून पुढे चालली होती आणि भेटेल त्याला भाग कसा वाटला ते विचारत होती. लोकांनी वाटेत तिला तीन ठिकाणी थांबवलं. पोतं जड होतं, चिखल होता, आणि दार्सेमला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

तेव्हापासून त्यांचा गूळ बाजारात जाऊ लागला. कमी भावाने जाई, पण घट्ट जाई. तपासणीचा दिवस यायला वेळ होता आणि विनार्तीचा तालुक्याच्या शाळेचा अर्ज गेला होता. मार्चमध्ये पुन्हा चार दिवस झड लागली. पहिल्या संध्याकाळी मिसकुन अठरा माड उतरवून परसात आला, नीरेचे डबे खाली ठेवले आणि चुलीपाशी येऊन उभा राहिला. दार्सेम कढई धूत होती.

"आज दोनदा पाय थरथरला," तो म्हणाला.

दार्सेमने कढई खाली ठेवली. "कोणत्या माडावर?" तिने विचारलं, आणि त्याच्यासाठी चहात गुळाचा एक खडा जास्त टाकला.